ओवा अन्न पचवत नाही

पोट फुगलं की ओवा तळहातावर रगडायचा आणि मिठाच्या कणीबरोबर चावून खायचा, हा घरोघरचा उपाय. रगडताना दाण्यातल्या बारीक तेलनलिका फुटतात आणि थायमॉलचा उग्र वास नाकात शिरतो. त्याने आराम पडतो, हे खरं. पण ‘ओव्याने अन्न पचलं’ हे खरं नाही.

अन्न पचवतात ते जठररस, पित्त आणि स्वादुपिंडाचे पाचकरस. सुगंधी तेलं मुख्यतः आतड्याचे आवळलेले स्नायू सैल करतात. पेपरमिंटच्या तेलावर याचा भरपूर अभ्यास झाला आहे. त्यातलं मेन्थॉल स्नायूंच्या पेशींत कॅल्शियम शिरू देत नाही, त्यामुळे पेटके कमी होतात आणि अडकलेला वायू पुढे सरकतो. म्हणूनच आयबीएस या आतड्याच्या विकाराच्या दुखण्यात हे तेल सुचवलं जातं.

मग छातीत जळजळत असेल तरी पेपरमिंटचं तेल घ्यावं का? नाही. तेच मेन्थॉल अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडपही सैल करतं आणि आम्ल आणखी वर येतं. आयबीएससाठी हे तेल जठरात न विरघळणाऱ्या कॅप्सूलमधून देतात ते यासाठीच. ती कॅप्सूल चावू नये. अँटासिडबरोबर घेतली तर तिचं आवरण आधीच विरघळतं.

सगळ्यात घातक समज म्हणजे ‘नैसर्गिक आहे, बाधत नाही’. ओव्यात तेल असतं साधारण २ ते ४ टक्के. म्हणजे १० मिलीच्या एका बाटलीत पाव ते अर्धा किलो ओव्याचं तेल येतं! चिमूटभर ओवा आणि चमचाभर तेल यांची तुलनाच होऊ शकत नाही. ओव्याचं फूल (थायमॉल), पुदिन्याचं फूल (मेन्थॉल) आणि कापूर एकत्र ठेवले की तिन्ही घन पदार्थ आपोआप पातळ होतात; हीच घरोघरची अमृतधारा. दिसते पाण्यासारखी, पण त्यातला कापूर लहान मुलाच्या पोटात गेला तर थोड्या वेळात आकडी येऊ शकते. लवंगेचं तेल प्यायल्याने मुलांच्या यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी आहेत. या बाटल्या मुलांच्या हाताला लागू देऊ नका. चुकून तेल पोटात गेलंच तर उलटी काढायच्या फंदात न पडता सरळ रुग्णालय गाठा.

जेवणानंतरची बडीशेप खुशाल खा. पण छातीत दाटून आलं, घाम फुटला, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे जाऊ लागली, तर ‘गॅस असेल’ म्हणून ओवा शोधत बसू नका. आधी ईसीजी काढून घ्या.