अळंबीची जागा

अळंबी पावसाने उगवते, असे आपण सहज म्हणून जातो. रायगडच्या किनारपट्टीवर राहणाऱ्याला ते पटतेही. अलिबाग-मुरूडकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने माळ करपलेले आणि माती विटेसारखी कडक. अळंबी म्हणजे नऊ हिस्से पाणीच. असा जीव हे आठ महिने कसा काढतो, या प्रश्नापासून माझे कुतूहल सुरू झाले.

कोरड्या मुलखात बुरशीने यावर वेगवेगळे उपाय शोधले आहेत. राजस्थानच्या थर वाळवंटात पावसामागून वाळूतून वर येणारी ‘खुंबी’ लोक आवडीने खातात. तिचे बी कोरड्या वाळूत पावसाची वाट पाहत पडून राहते. आपल्याकडे श्रावणात जिच्यासाठी माणसे पहाटे रान तुडवतात, तिची सोय मात्र निराळी आहे. तिला वाळवी सांभाळते.

या अळंबीचे शास्त्रीय नाव टर्मिटोमायसिस. फ्रेंच बुरशीशास्त्रज्ञ रॉजर हाइम यांनी 1942 मध्ये हे नाव दिले. त्यात वाळवी आणि बुरशी दोन्ही आल्या. सिंधुदुर्ग-गोव्याकडे तिला रोवण म्हणतात, विदर्भात सात्या, आमच्याकडे नुसती अळंबी. तिच्या बऱ्याच जाती आहेत. काही बोटभर उंचीच्या, शेकड्यांनी उगवणाऱ्या, तर झांबियातल्या एका जातीची छत्री मीटरभर रुंद होते.

वाळवी लाकूड-पाचोळा खाते खरी, पण त्यातला कठीण भाग तिला एकटीला पचत नाही. कामकरी वाळवी पाचोळा गिळून, अर्धवट पचवून वारुळात त्याचे मधाच्या पोळ्यासारखे सच्छिद्र गोळे रचते. त्यावर ही बुरशी वाढते, कठीण भाग मऊ करते, आणि मग वाळवी तो गोळा व बुरशीचे पांढरे दाणे खाते. वारुळातली हवा बारा महिने दमट राहते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी दाखवले आहे की, वाळवी पिकातले तण वासावरून ओळखते आणि मातीखाली गाडते. माणसाची शेती दहा-बारा हजार वर्षांची. टांझानियात अशा गोळ्यांचे जे जीवाश्म सापडले, ते अडीच कोटी वर्षांपूर्वीचे आहेत.

वाळवीची वसाहत मेली की राखण संपते. मग त्याच जागी तण उफाळते आणि वर काळ्या काड्या दिसू लागतात. काळ्या काड्या आल्या की तिथे पुन्हा ही अळंबी शोधू नये.

वसाहत जिवंत असेल तर पावसाळ्यात बुरशी गोळ्यातून एक लांब मुळी वर सोडते. टोकदार चोचीने माती फोडून छत्री बाहेर येते. खालच्या गोळ्याशी ती जोडलेली असते, म्हणून त्याच जागी वर्षानुवर्षे उगवते. पुष्कळदा वर वारूळ दिसतही नाही. सगळा संसार सपाट जमिनीखाली असतो. ती जागा फक्त माणसाच्या आठवणीत राहते. आमच्याकडे भाजी घेऊन येणाऱ्या एका कातकरी मावशींनी मला सांगितले होते, “आधी जागा बघायची, मग छत्री.” त्या जागा त्यांनी मला दाखवल्या नाहीत, आणि ते योग्यच केले. अळंबी हलक्या हाताने ओढून काढावी, खाली खणू नये, हा त्यांचा दुसरा नियम. खणले तर गोळा फुटतो. नागपंचमीला जमीन खणू नये ही रूढी ऐन अळंबीच्या दिवसांत येते. दोन्हींचा संबंध असेलच असे मी म्हणणार नाही, पण वारुळाला ती सोयीची आहे.

(जाता जाता: मनुस्मृतीने द्विजांना लसूण-कांद्याबरोबर कवकही वर्ज्य सांगितले. पाठ्यपुस्तकात आपण बुरशीला आज तोच शब्द वापरतो.)

आता किनाऱ्यालगतच्या गावांत माळाचे प्लॉट पडतात, जेसीबी फिरतो, कुंपण येते. जागा गेली की तिच्याबरोबर ओळखीचा मुख्य पुरावाही जातो आणि माणूस नुसत्या रूपावर विसंबतो. धोका इथे आहे. बंगल्यांच्या हिरवळीवर पावसाळ्यात क्लोरोफिलम नावाची देखणी पांढरी छत्री उगवते. ती खाल्ली की काही तासांतच उलट्या-जुलाब सुरू होतात. पिकलेली छत्री रात्रभर पांढऱ्या कागदावर पालथी ठेवली तर तिचा ठसा हिरवट पडतो. पण ठसा हिरवा नाही म्हणजे ती खाण्याजोगी, असे मुळीच नाही.

अ‍ॅमनिटा गटातल्या काही छत्र्या त्याहून घातक. त्यांचे विष शिजवून जात नाही. चांदीचे नाणे काळे पडते का, लसूण रंग बदलतो का, किड्याने खाल्ली आहे का, या सगळ्या परीक्षा खोट्या आहेत. विषाची लक्षणे बहुधा सहा ते बारा तासांनी दिसतात, कधी त्याहूनही उशिरा. मग उलट्या थांबतात, रोग्याला बरे वाटते, घरचे निर्धास्त होतात. त्याच काळात यकृत निकामी होत असते. म्हणून अळंबी खाल्ल्यावर उशिराने त्रास सुरू झाला तर उतार पडण्याची वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात जावे, आणि निवडताना टाकलेले देठ, उरलेल्या छत्र्या कागदात बांधून सोबत न्याव्यात. प्लॅस्टिकच्या पिशवीत त्या लवकर कुजतात आणि ओळखता येत नाहीत.