नकाशातलं गाव, पाटीवरचं गाव

हातात गावाचा नकाशा आहे, पण त्यावरचं नाव कुठल्याच पाटीवर सापडत नाही. दक्षिण युक्रेनमधल्या झापोरिझ्झिया प्रांतात पूर्वजांचं घर शोधायला आलेल्या मेनोनाइट माणसाची सुरुवात बहुधा अशी होते. आजीच्या तोंडचं हाल्बश्टाट आता मोलोचान्स्क झालेलं असतं.

मेनोनाइट हा सोळाव्या शतकात युरोपात निघालेला ख्रिस्ती पंथ. शस्त्र हाती धरायचं नाही, हा त्यांचा बाणा. रशियाच्या कॅथरीन राणीने १७६३ मध्ये परदेशी शेतकऱ्यांना बोलावणं धाडलं. सैन्यातून सूट मिळणार म्हणून विस्तुला नदीच्या मुखाजवळचे मेनोनाइट १७८९ पासून या गवताळ माळावर येऊन राहिले. पहिली वसाहत खोर्तित्सा. दुसरी, १८०४ ची, मोलोच्ना नदीकाठी. (याच मोलोच्नातले अब्राहम फ्रीझन १८९० च्या सुमारास मिशनरी म्हणून नलगोंड्याला आले. तेव्हाचं ते निजामाचं राज्य. आपला मराठवाडाही त्यातच.)

आता घर ओळखायचं कसं? गाव म्हणजे एकच लांब रस्ता, दोन्ही अंगांना घरं, प्रत्येकाला क्रमांक. गाव सोडून गेलेल्यांनी आठवणीतून काढलेल्या नकाशांत हे क्रमांक असतात. पण मधली कितीतरी घरं पडलेली. नुसतं मोजत जाऊन भागत नाही. म्हणून आधी शाळा किंवा प्रार्थनाघर गाठायचं आणि तिथून अंतर धरायचं. घराची खरी खूण म्हणजे राहती जागा, गोठा आणि धान्याची कोठी, सगळं एकाला एक जोडलेलं. हिमवर्षावात बाहेर पाऊल न टाकता गुरांपर्यंत जाता यायचं. भाजलेल्या विटांच्या भिंती, वर उंच माळा. आवाराच्या कडेला तुतीची जुनी झाडं असली तर तीही खूणच. एके काळी इथे रेशमाचे किडे पाळत.

सैन्यातली सूट जाणार असं दिसताच १८७० च्या दशकात हजारो लोक अमेरिका-कॅनडाला गेले. यादवी युद्धात, १९१९ मध्ये, माखनोच्या टोळ्यांनी गावंच्या गावं लुटली. मग स्टालिनच्या काळात हद्दपारी. उरलेले १९४३ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन फौजेबरोबर निघाले.

त्यांच्या घरांत मग दुसरी कुटुंबं आली, आणि त्यांच्याही पिढ्या तिथे वाढल्या. अंगणात कॅमेरेवाला परदेशी उभा राहिला की घरच्या बाईच्या मनात पहिली शंका येते, हा घर मागायला तर आला नाही ना? तेव्हा आपण काही मागायला आलो नाही, हे आधी सांगावं आणि मगच आत पाहू द्याल का असं विचारावं, असं मला वाटतं. घर त्याच्या आजोबांचं खरं, पण छप्पर शाकारलं ते तिच्या माणसांनी.

२००१ पासून मोलोचान्स्कमध्ये मेनोनाइटांचं मदतकेंद्र होतं, मुलींच्या जुन्या शाळेच्या इमारतीत. गावातल्या म्हाताऱ्यांना तिथून औषधं मिळत. २०२२ मध्ये रशियन फौजांनी हा भाग घेतला आणि पाहुण्यांची वाट बंद झाली. आता टोरांटोतला नातू उपग्रहाच्या छायाचित्रावर जुना नकाशा ठेवून छपरं मोजतो.