रात्रीचा मुक्काम आणि दुसऱ्या दिवसाची कचेरी
(लेखांक चौथा)

गेल्या लेखांकात वाहनातील वीज आणि पाणी यांच्या तजविजीचा विचार झाला. आता, निवासाची सोय असलेल्या वाहनातून अमेरिकेच्या पश्चिम भागात हिंडत असताना ज्यांना कचेरीचे कामही दुरून करावयाचे असते, त्यांनी रात्री वाहन कोठे उभे करावे, या प्रश्नाकडे वळू. केवळ निद्रेपुरता आसरा शोधणारा प्रवासी पहाटे उठून मार्गस्थ होतो. परंतु ज्याला सकाळी नऊ वाजता संगणकासमोर बसावयाचे आहे, त्याला रात्रीइतकाच दुसऱ्या दिवसाचाही अधिकार हवा असतो, आणि माझ्या मते मुक्कामाची पारख याच एका कसोटीवर झाली पाहिजे.

महामार्गांवरील विश्रामस्थाने या कसोटीस उतरत नाहीत. कॅलिफोर्नियात तर तेथे चोवीस तासांत आठ तासांहून अधिक थांबण्यास मज्जाव आहे. वॉलमार्टच्या विस्तीर्ण आवारांचा प्रवाशांत लौकिक मोठा, पण तेथील मुभा त्या त्या दुकानाच्या व्यवस्थापकाच्या मर्जीवर आणि गावच्या कायद्यावर अवलंबून असल्याने एका गावी जे चालते ते शेजारच्या गावी चालेलच असे नाही. आत जाऊन विचारावे, होकार मिळाल्यास खुर्च्या बाहेर न मांडता एक रात्र काढावी आणि सकाळी जागा मोकळी करावी, हाच तेथला शिरस्ता.

खरी संपत्ती आहे ती सार्वजनिक भूमीची. ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या संघीय खात्याच्या ताब्यात सुमारे २४.५ कोटी एकर जमीन असून, तीपैकी पुष्कळ भागात कोणतेही शुल्क न भरता मुक्काम करता येतो. सर्वसाधारण मर्यादा २८ दिवसांच्या अवधीत १४ दिवसांची. दोन आठवडे कोणाच्याही मर्जीवाचून एका ठिकाणी बसून काम करता यावे, ही सवलत लहान नव्हे. ज्यांना त्याहून दीर्घ स्थैर्य हवे, त्यांच्यासाठी ॲरिझोनातील क्वार्ट्झसाइट गावाजवळ ला पोसा हे दीर्घ मुक्कामाचे क्षेत्र राखलेले आहे: १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या संपूर्ण हंगामाचा परवाना १८० डॉलरला, चौदा दिवसांचा ४० डॉलरला, पाणी भरण्याची आणि सांडपाणी रिकामे करण्याची व्यवस्थाही तेथेच.

वाळवंटाचा आणखी एक गुण असा, की उपग्रहाद्वारे इंटरनेट घेणाऱ्या तबकडीस जे निर्वेध आकाश लागते, ते राष्ट्रीय वनांतील गर्द झाडीत दुर्लभ, पण येथे चहूकडे उपलब्ध असते. मात्र सपाट आणि वाळूची म्हणून ओढ्याच्या कोरड्या पात्रात वाहन कदापि लावू नये. दूरच्या डोंगरावर पडलेल्या पावसाचा लोंढा, माथ्यावर आकाश निरभ्र असतानाही, त्या पात्रातून येऊ शकतो.

पुण्यातील सहकाऱ्यांबरोबर काम करणाऱ्यांनी आणखी एक हिशेब ध्यानी धरावा. ॲरिझोनाच्या बहुतेक भागात घड्याळ उन्हाळ्यातही पुढे करीत नाहीत, त्यामुळे पुण्याची वेळ बारमाही साडेबारा तासांनी पुढे असते आणि तेथील सकाळी आठची बैठक येथे आदल्या सायंकाळी साडेसातला भरते. डिसेंबरात क्वार्ट्झसाइटला सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. तेव्हा चार वाजण्यापूर्वीच जागा गाठून जोडणी पारखून घ्यावी, म्हणजे ती अपुरी ठरल्यास दुसरी जागा उजेडी शोधता येईल.