चेहरा राजाचा नाही

सुटे नाहीत म्हणून दुकानदार दोन रुपयांऐवजी हातावर चॉकलेट टेकवतो. आपण जरा कुरकुरतो आणि निघतो. पण समजा, त्याने चॉकलेटऐवजी स्वतःच्या नावाचा तांब्याचा बिल्ला दिला आणि त्यावर ‘हा परत आणा, पैसे देतो’ असं कोरलेलं असलं तर? अठराव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये नेमकं हेच घडलं. या बिल्ल्यांना तिकडे टोकन म्हणतात, आणि ते जमवण्याचा छंद त्या टोकनांइतकाच जुना आहे.

कारण साधं होतं. सरकारी टांकसाळीने १७७५ नंतर तांब्याची नाणी पाडणं थांबवलं. इकडे कारखाने वाढत चाललेले, मजुरांच्या हातावर ठेवायला चिल्लर नाही, आणि बाजारात जी होती त्यातली बरीचशी खोटी. शेवटी १७८७ मध्ये वेल्समधल्या अँगलसी बेटावरच्या पॅरिस माइन कंपनीने आपल्याच तांब्याची पेनी काढली. एका बाजूला ड्रुइडचं, म्हणजे तिथल्या प्राचीन पुरोहिताचं, दाढीवालं डोकं. दुसऱ्या बाजूला पैसे देण्याचं वचन. आणि लंडन, लिव्हरपूल किंवा अँगलसी इथे ते वटेल असं चक्क कडेवर. त्याच वर्षी जॉन विल्किन्सन या लोखंडाच्या कारखानदाराने तर कमाल केली. नाण्यावर राजाचा चेहरा असतो, तिथे याने स्वतःचा छापला!

यातली कितीतरी टोकनं बर्मिंगहॅमला पाडली गेली. तिथल्याच मॅथ्यू बोल्टनच्या सोहो टांकसाळीत, वाफेवर चालणाऱ्या यंत्रांनी, १७९१ आणि १७९४ ची मुंबई इलाख्याची तांब्याची नाणीही पाडली गेली. एका बाजूला कंपनीची खूण, दुसऱ्या बाजूला तराजू. आपल्याकडच्या जुन्या नाण्यांच्या ढिगात ती अजून भेटतात.

एकदा लोकांना कळलं की नाण्यावर राजाच हवा असं काही नाही, तेव्हा तिथे काय काय येऊ लागलं बघा. साखळदंडात गुडघे टेकून बसलेला आफ्रिकन माणूस, ‘मी माणूस नाही का, तुमचा भाऊ नाही का?’ असं विचारणारा. गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्यांचं हे चिन्ह हाफपेनीच्या आकारात खिशाखिशांतून फिरलं. पत्रक फाडून टाकता येतं. पैसा कोण टाकून देतो?

ही गोष्ट सगळ्यात नीट ओळखली ती टॉमस स्पेन्सने. न्यूकॅसलचा हा गरीब शिक्षक पुढे लंडनला पुस्तकं विकू लागला. जमीन कुणा एकाची नसावी, ती गावाच्या मालकीची असावी, हे त्याचं म्हणणं. एडमंड बर्कने सामान्य लोकांना डुकरांचा कळप म्हटलं, तेव्हा स्पेन्सने ‘पिग्ज मीट’, म्हणजे डुकरांचं खाणं, याच नावाचं स्वस्त नियतकालिक काढलं. त्याच्या टोकनवर डुक्कर राजसत्तेची आणि धर्मसत्तेची चिन्हं पायाखाली तुडवतं. १७९४ मध्ये सरकारने त्याला खटला न चालवता सुमारे सात महिने डांबून ठेवलं. सुटल्यावर त्याने आणखी टोकनं काढली.

विरोधकही गप्प नव्हते. ‘राइट्स ऑफ मॅन’ लिहिणारा टॉमस पेन त्यांचा वैरी. त्यांच्या टोकनवर फासावर लटकलेला माणूस आणि ‘पेनचा शेवट’ असे शब्द. इंग्रजीत पेन म्हणजे दुःखही, हा त्यातला श्लेष. क्रूर आहे, पण जमलाय.

आता खरी गंमत. १७९० च्या दशकात टोकनं जमवण्याचं इतकं वेड लागलं की विक्रेते फक्त संग्राहकांसाठी माल पाडू लागले. एका टोकनच्या पुढच्या बाजूला भलत्याच टोकनची मागची बाजू जोडायची की झालं ‘दुर्मीळ’! अशा संकराला संग्राहक ‘म्यूल’ म्हणतात, म्हणजे खेचर. आणि यात आपला क्रांतिकारक स्पेन्सही आघाडीवर होता. त्याच्याकडे ठशांचा साठा होता, शिवाय जुन्या नाण्यांचा धंदा. तो पक्का व्यापारी होता की विचार पसरवायला मिळेल तो मार्ग धरणारा? मला वाटतं, दोन्ही.

म्हणून टोकन हातात आलं की आधी चित्रावर भाळू नका. कड बघा. कुठे वटेल ते तिथे लिहिलंय का? मग झीज बघा. उठावाचे भाग गुळगुळीत झालेले असले तर ते खरोखर भाजी-पावासाठी फिरलं असण्याची शक्यता मोठी. कोरं करकरीत असेल तर बहुधा कुणाच्या तरी कपाटातच राहिलं. बाजारात कोऱ्याला भाव जास्त, पण इतिहास हवा असेल तर झिजलेलं घ्यावं. ते स्वस्तही पडतं.

ओळख पटवायला दोन नावं लक्षात ठेवा. इप्सविचच्या जेम्स काँडरने १७९८ मध्ये यादी छापली, म्हणून या टोकनांना काँडर टोकन म्हणतात. आज क्रमांक चालतात ते डाल्टन आणि हॅमर यांच्या नंतरच्या सूचीतले. ब्रिटिश म्युझियमच्या संकेतस्थळावर छायाचित्रं फुकट बघता येतात, तिथूनच सुरुवात करावी.

आणि हो, तांब्याचं आहे म्हणून घरच्या तांब्या-भांड्यांसारखं चिंच लावून घासू नका. दोनशे वर्षांचा तो काळपट तपकिरी थर गेला, की तो परत आणता येत नाही.