फाट्यावरचा योगायोग



त्सुफेनहाउझेनहून श्टामहाइमच्या पुढे गेलं की शेतातले चौक लागतात. आपल्या गावाकडच्या फाट्यांची आठवण येते. असा फाटा धोकादायक आहे, हे कसं ठरवायचं?

भारत सरकारने २०१५ साली राष्ट्रीय महामार्गांसाठी निकष ठरवला. ५०० मीटरच्या पट्ट्यात ३ वर्षांत ५ गंभीर अपघात किंवा १० मृत्यू झाले, तर तो 'ब्लॅक स्पॉट'.

पण फाट्यावर वाहनं कमी, म्हणून अपघातही मोजकेच. यंदा ३, पुढच्या वर्षी शून्य, हा निव्वळ योगायोगही असू शकतो. वाईट वर्षानंतर गतिरोधक घातला आणि अपघात घटले, तर सगळं श्रेय गतिरोधकाचं नसतं. ते तसेही घटले असते.

म्हणून संख्याशास्त्रज्ञ आधी तशाच अनेक फाट्यांची रहदारी आणि रचना पाहून अपेक्षित अपघात काढतात. मग त्यात त्या फाट्याची स्वतःची नोंद मिसळतात. नोंद जितकी तुटपुंजी, तितकं तिचं वजन कमी. या पद्धतीला 'एम्पिरिकल बेज' म्हणतात.

तेव्हा गावी कुणी म्हणालं, "इथे आजवर काही झालं नाही", तरी फाट्यावर गाडी हळू करा. शून्य अपघात म्हणजे शून्य धोका नव्हे!