बाजूला काढलेले चेक

धंद्यात डीप लर्निंगने नेमकं काय कमावून दिलं, असा विषय निघाला की मला १९९८ सालचा एक शोधनिबंध आठवतो. संगणकशास्त्रज्ञ यान लकुन आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांचा. हाताने लिहिलेले आकडे वाचायला त्यांनी डीप लर्निंगचा पाया असलेल्या न्यूरल नेटवर्कला शिकवलं होतं आणि एनसीआर कंपनीच्या यंत्रांत बसून ते अमेरिकेतल्या बँकांचे चेक वाचू लागलं होतं. बँकेला असं यंत्र कधी परवडतं, याचा हिशेब त्या निबंधात दिला आहे. शंभरातले पन्नास चेक बरोबर वाचले, एक चुकला आणि उरलेले एकोणपन्नास ‘मला वाचता येत नाही’ म्हणून बाजूला काढले, तरी परवडतं! त्यांच्या नव्या पद्धतीने ८२ बरोबर वाचले, एक चुकला आणि १७ बाजूला पडले.

निम्मे चेक परत करणारं यंत्र परवडायचं, कारण परत आलेला चेक हातात घ्यायला माणूस बसलेला होता. कुणाचा एक सातासारखा दिसतो, कुणी शून्याला शेपूट काढलेलं असतं. कारकुनाने नजर टाकायची, आकडा टाइप करायचा, पुढचा चेक घ्यायचा. चुकीचा वाचलेला चेक मात्र महागात पडतो. खातेदार तक्रार घेऊन येतो, उलट नोंद करावी लागते, बँकेवरचा भरवसा जातो. म्हणून वाचण्याइतकीच मेहनत त्या मंडळींनी ‘कुठे थांबायचं’ यावरही घेतली. ही मंडळी ज्या एटी अँड टी कंपनीत होती, तिची निबंध छापून येण्याआधीच तीन शकलं झाली होती. संशोधक एकीकडे, अभियंते दुसरीकडे, यंत्र तिसरीकडे गेलं. चेक मात्र रोज लाखोंनी वाचले जात राहिले. त्याचा गाजावाजा कुणी केला नाही.

गाजावाजा सुरू झाला तो २०१२ नंतर. टोरोंटो विद्यापीठातल्या अ‍ॅलेक्स क्रिझेव्हस्की, इल्या सुत्स्केव्हर आणि जेफ्री हिंटन यांनी इमेजनेटच्या चित्रं ओळखण्याच्या स्पर्धेत चुकांचं प्रमाण १५.३ टक्क्यांवर आणलं. दुसऱ्या क्रमांकाचा संघ २६.२ टक्क्यांवर होता. त्यासाठी लागली ती व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांकडे असतात तसली दोन ग्राफिक्स कार्डं आणि पाच-सहा दिवसांचं प्रशिक्षण. ही झेप खरी होती, आणि तिचं मोल कमी करणाऱ्यांशी मी आजही भांडेन. पण तिच्या मागोमाग जे आलं त्याने व्यवसायाची नजर बिघडवली. २०१३ मध्ये गूगलने या तिघांची छोटी कंपनी विकत घेतली, २०१४ मध्ये डीपमाइंड ही कंपनी घेतली. मार्च २०१६ मध्ये सोलला डीपमाइंडच्या अल्फागोने ‘गो’ या पटावरच्या खेळातला अव्वल खेळाडू ली सेडोल याला ४-१ असं हरवलं. त्याच वर्षी हिंटन म्हणाले की रेडिऑलॉजिस्ट तयार करणं आता थांबवायला हवं, पाच वर्षांत, फार तर दहा वर्षांत, यंत्र त्यांच्यापेक्षा चांगलं काम करेल. पुढे आपण फार सरसकट बोललो हे त्यांनी मान्य केलं. पण तोवर ते वाक्य सेल्सच्या स्लाइडवर जाऊन बसलं होतं. यंत्र किती अचूक, एवढाच प्रश्न उरला. परत आलेल्या चेकचं काय करायचं, हे कुणी विचारेना.

दुकानदारीत या गाजावाजाचा पडताळा लवकर आला. किती माल लागेल याचा अंदाज ही किरकोळ विक्रीची रोजची डोकेदुखी. २०२० साली एम-५ या स्पर्धेत वॉलमार्टच्या दहा दुकानांतल्या ३,०४९ वस्तूंच्या विक्रीचे आकडे दिले होते आणि साडेपाच हजारांवर संघ उतरले होते. १९५० च्या दशकातल्या एक्स्पोनेन्शियल स्मूदिंगच्या सोप्या सूत्राला मागे टाकता आलं ते त्यांतल्या फक्त साडेसात टक्के संघांना. वरच्या क्रमांकांवर बहुतेक लाइटजीबीएम दिसलं. ते निर्णयवृक्षांवर चालतं, डीप लर्निंग नव्हे. चित्र, आवाज आणि भाषा ही डीप लर्निंगची हक्काची जागा. रकान्यांत मांडलेल्या विक्रीच्या आकड्यांवर त्याची तेवढी मात्रा चालत नाही.

झिलोचं दुखणं वेगळं होतं. ही अमेरिकी कंपनी घरांच्या किमतींचा अंदाज बांधून स्वतःच घरं विकत घेऊ लागली. अंदाजाच्या गणितात तिने जून २०२१ मध्ये न्यूरल नेटवर्क आणलं आणि नोव्हेंबरमध्ये घरखरेदीचा धंदाच बंद केला, जवळपास पाव कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं. सगळा दोष एकट्या मॉडेलवर टाकणं अन्यायाचं होईल, बाजारच उलटसुलट फिरत होता. तरी विकणाऱ्याला आपल्या भिंतीची ओल ठाऊक असते. कंपनीचा भाव जास्त लागला की तो लगेच हो म्हणतो, कमी लागला की दुसरीकडे जातो. म्हणजे अंदाज जिथे चुकून वर गेला, नेमकी तीच घरं पदरात पडतात.

मराठीपुरतं बोलायचं तर गूगलचं भाषांतर एप्रिल २०१७ मध्ये न्यूरल पद्धतीवर आलं. त्याआधी शब्दांचा ढीग हाती यायचा, त्यानंतर वाक्य येऊ लागलं. कच्चा खर्डा म्हणून त्याने किती जणांचे किती तास वाचवले असतील! पण ढीग दिसला की माणूस सावध व्हायचा, सुबक चुकीच्या वाक्याला तो फसतो. ३० नोव्हेंबर २०२२ ला आलेल्या चॅटजीपीटीने हा सुबकपणा शिगेला नेला. न वाचता येणारा चेकही ते ठसक्यात वाचून दाखवतं, आणि ही माझी त्याच्याबद्दलची सर्वांत मोठी तक्रार आहे.

आता थायलंडची गोष्ट. मधुमेहाने डोळ्याचा पडदा बिघडतो, वेळेत कळलं तर दृष्टी वाचते. गूगलने यासाठी बनवलेलं मॉडेल २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच्या प्रशिक्षणात भारतातल्या नेत्ररुग्णालयांतलीही छायाचित्रं होती आणि त्याची अचूकता नेत्रतज्ज्ञांच्या तोडीची होती. ते थायलंडच्या अकरा सरकारी दवाखान्यांत गेलं तेव्हा काय झालं, हे गूगलच्याच संशोधकांनी २०२० मध्ये प्रामाणिकपणे लिहिलं. फोटो काढायला अंधारी खोली लागते. तिथे एकाच खोलीत बाकीच्या तपासण्याही चाललेल्या, मग दिवे मालवायचे कुणी? १,८३८ पैकी २१ टक्के फोटो मॉडेलने ‘नीट नाही’ म्हणून परत केले. फोटो अपलोड व्हायला वेळ लागायचा, इंटरनेट मध्येच जायचं. माणसं पहाटे सहापासून रांगेत आणि पहिल्या दोन तासांत जेमतेम दहा जणांची तपासणी, असं एका परिचारिकेने सांगितलं. ज्याचा फोटो परत आला त्याने दुसऱ्या एखाद्या दिवशी तज्ज्ञाकडे जायचं. म्हणजे प्रवास आला, मजुरी बुडाली. फोटोत परिचारिकेला बिघाड दिसत नसला तरी यंत्राने नाकारला की तिचा नाइलाज व्हायचा.

इथे यंत्र थांबायला शिकलेलं होतं, पण बँकेतला कारकून नव्हता. २०२२ मध्ये थायलंडमधल्याच नऊ केंद्रांवरच्या साडेसात हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास ‘लॅन्सेट डिजिटल हेल्थ’मध्ये आला. या वेळी यंत्राची अचूकता ९४.७ टक्के भरली. रुग्णाला निकाल जागेवर मिळत होता, आणि यंत्राने दिलेला निकाल नंतर पुन्हा नजरेखालून घालायला नेत्रपटलतज्ज्ञ नेमलेले होते.