ड्रायव्हिंग टेस्टआधी गाडीचे दिवे ओळखा

आरटीओच्या टेस्टला गाडी अनेकदा ड्रायव्हिंग स्कूलची असते आणि घोळ तिथेच होतो. घरच्या गाडीतली सवयीची बटणं इथे भलतीकडेच असतात. नापास झालात तर पुन्हा टेस्टसाठी किमान ७ दिवस थांबावं लागतं, म्हणून नंबर येण्याआधी स्टिअरिंगजवळची दांडी हाताळून बघा.

डॅशबोर्डवर निळा दिवा लागला म्हणजे हेडलाइट अप्परवर आहे. समोरून गाडी येत असेल तर डिपर हवा. इंडिकेटर नेहमीपेक्षा भरभर टिकटिकला, तर बहुधा एखादा बल्ब गेलेला असतो. ब्रेकलाइट आत बसून दिसत नाही, मागे कुणाला तरी उभं करा. लाल त्रिकोणाचं बटण बंद पडलेल्या गाडीसाठी असतं, चौकात सरळ जाताना दाबण्यासाठी नव्हे (रस्त्यावर सर्रास दिसतं तरी!). एप्रिल २०१७ नंतरच्या दुचाकींना हेडलाइट बंद करायचं बटणच नसतं; ते शोधत बसू नका.